सड्याखालचा थेंब

दारी चारचाकी उभी असणाऱ्या गृहस्थाने रोज सकाळी तिच्याखालची जमीन पाहिल्याशिवाय किल्ली फिरवू नये, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. परंतु जिंतूरच्या कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली असून, खाडाखोडीचा कागद मी आजवर साहेबापुढे जाऊ दिलेला नाही. जुनी गाडी घेतली तेव्हा तीच शिस्त तिलाही लावली. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवट ओल रेडिएटरची, स्वच्छ पाणी एसीचे. मात्र चाकाजवळ पिवळसर, बुळबुळीत थेंब दिसला, तर तो ब्रेक ऑइलचा. मग गाडी जागची हलवायची नाही.

अडचण एवढीच की, माझ्याआधी आमच्या मंडळी उठत आणि अंगणभर शेणाचा सडा घालत. गाडीखालीसुद्धा.

"अगं, तेवढी जागा कोरडी सोड. डाग झाकला जातो."

"दारापुढं भोक ठिवू का तुमच्या गाडीपुरतं? लेक बाळंतपणाला आलीय घरात."

लेकीचीच मला धास्ती होती. पहिलटकरीण, त्यात मूल पायाळू. कळा सुरू होताच परभणीला आणा, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिला माझ्याच गाडीतून नेईन, असा शब्द मी तिच्या सासरच्यांना भर बैठकीत दिलेला होता.

त्या सकाळी सडा नुकताच पडला होता, तोच आतून लेकीची हाक आली. कळा लागल्या होत्या. मी गाडीखाली वाकलो. सगळीकडे ओल! कोणती सड्याची, कोणती गाडीची, काहीच उमगेना. देवळीतला रांगोळीचा डबा घेतला आणि चारही चाकांजवळ पांढरी भुकटी जाड पसरली.

"आता गाडीखाली रांगोळी?" मंडळी पिशवी भरता भरता ओरडल्या. "लग्नात देवापुढं बी येवढं वाकला न्हवता तुमी! पोरगी तळमळायलीय तिकडं!"

"थांब जरा. थेंब पडू दे."

लेक दाराची चौकट धरून उभी होती. तिचा चेहरा पाहवेना, म्हणून मी रांगोळीच पाहत राहिलो. मागच्या डाव्या चाकाजवळ भुकटी वरून ओली झाली. बोट लावले. पिवळसर, बुळबुळीत. बॉनेट उघडले, तर ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. आत बसून ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला.

दिलेला शब्द डोक्यात घोळत होता. सावकाश नेली तर? क्षणभर किल्लीवर हात गेला, हे नाकारता येणार नाही. मग खाली उतरून रुग्णवाहिकेला फोन लावला.

ती येईपर्यंत मी फाटकाशी येरझारा घातल्या. मायलेकी मागे बसल्या, मी पुढे.

"ब्रेक ऑइल बघितलंय का सकाळी?" मी ड्रायव्हरला विचारले.

"काका, बसता का सोडून जाऊ?"

बसलो. परंतु नजर त्याच्या पायावर. पुढे एस.टी. दिसली की माझाच पाय खाली दाबला जाई. प्रत्येक गतिरोधकाला मी दांडी धरी. ड्रायव्हर हसून म्हणाला, "काका, तुमीच ब्रेक दाबायलाव का मी?"

माझ्या पाठीमागच्या सरकत्या खिडकीतून लेकीचा आवाज आला, अगदी बारीक. "बाबा, तुमी रस्त्याकडंच बघायलाव. माझ्याकडं बघा की."

तेव्हा वळलो. खिडकीतून हात आत घातला. तिने तो इतका आवळून धरला की माझी बोटे पांढरी पडली. त्यानंतर रस्ता कसा सरला, ब्रेक किती वेळा लागले, मला सांगता यायचे नाही. दवाखान्याच्या दारात नर्सने तिची बोटे एकेक करून सोडवली. तिला आत नेले, आणि मी त्या बंद दाराकडे पाहत उभा राहिलो. बसा म्हणून कोणीतरी दोनदा सांगितले. आतून बारीक, चिडके रडणे ऐकू आले, तेव्हा कुठे बसलो.