ताईच्या आवाजाच्या मापाची खोकी

माझे भावोजी स्वयंपाकघरातली कपाटं बनवतात. पोटासाठी कपाटं. जिवासाठी ते काय बनवतात हे कळायला मला बराच काळ लागला, कारण मेहुणा बहिणीच्या घरी जातो तो मुळात खोड्या काढायला. त्या दिवशी गेलो तर बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा लावलेला आणि मधोमध माझ्या छातीएवढं प्लायवूडचं खोकं.

"काय भावोजी, बिऱ्हाड हलवताय की काय?"

"या मेहुणे. हात लावू नका, गोंद ओला आहे."

खोकं स्पीकरचं होतं, आणि ते ताईसाठी होतं. वर्षभरापूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी ती गायला लागली की माईक हातभर लांब ठेवावा लागायचा. ऑपरेशननंतर सूर जागच्या जागी राहिले, पण जोर गेला. शेजारच्या खोलीतून कुणी हळू बोलावं, तेवढाच आवाज उरला. तिच्या गाण्याच्या ग्रुपनं भाड्याचे स्पीकर आणून पाहिले. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की ताई गायब.

आता मैदानावरच्या वार्षिक कार्यक्रमात ती एक गाणं म्हणणार होती. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं तर पुढे गाईन," ती म्हणाली होती, "नाहीतर संपलं. लोकांनी कीव करून टाळ्या वाजवायला नकोत." ताई एकदा बोलली की बोलली. आमच्या घराण्याचा गुण आहे तो, किंवा खोड म्हणा.

भावोजींची काम करायची तऱ्हा मी कुठेच पाहिलेली नाही. ताई स्वयंपाकघरात माईकसमोर बसून गुणगुणायची. तिचा आवाज खोक्यातून यायचा आणि हे गृहस्थ डोळे मिटून खोक्याच्या अंगावरून तळहात फिरवायचे, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतो. कुठेतरी हात थांबायचा. तिथे पेन्सिलीची फुली. मग गाणं बंद, मागची फळी उघडायची आणि नेमकी त्या फुलीच्या मागे आतून एक आडवी पट्टी ठोकायची.

"हे काय चाललंय?" मी विचारलं. माझा सूर चेष्टेचाच होता.

"लाकूड थरथरलं की तेवढा आवाज ते खाऊन टाकतं," ते म्हणाले. "हिच्याकडे आधीच थोडा आहे. त्यातला लाकडाला कशाला द्यायचा?"

मी एका फुलीवर हात ठेवून पाहिला. फळीच्या आत मुंग्या चालल्यासारखं वाटत होतं. त्यांनी पट्टी मारली, ताई पुन्हा गुणगुणायला लागली आणि मी हात ठेवला. फळी भिंतीसारखी गप्प होती. आणि आवाज! तोच आवाज जणू दोन पावलं पुढे येऊन उभा राहिला. एवढा मोठा बाप्या मी, खोक्याकडे आ वासून बघत बसलो.

दुसरं खोकं तयार झालं तेव्हा त्याची वायर ताईनं जोडली. "माझ्यासाठी एवढं चाललंय, तर एक तरी माझ्या हातचं होऊ दे," म्हणाली. आमचे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे सोल्डरिंगचा धूर आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखीचा. तिनं टाके इतके सुबक घातले की भावोजींनी आतलं काही तपासलंच नाही. खोली लहान. एका वेळी एकच खोकं मावायचं, दुसरं चादर पांघरून बाहेरच्या बोळात. दोन्ही वेगवेगळी वाजवून पाहिली. दोन्ही सुंदर वाजली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी खोकी मैदानावर नेली. एक स्टेजच्या डाव्या हाताला, एक उजव्या. ताई माईकसमोर उभी राहिली. कीबोर्डवाले काका, ग्रुपचे म्होरके, मैदानाच्या बरोबर मध्ये जाऊन थांबले. तिनं गाण्याची पहिली ओळ म्हटली.

काकांनी कानामागे हात नेला. "काहीच येत नाही गं!"

मी धावत त्यांच्याशेजारी गेलो. खरंच काही येत नव्हतं. म्हणजे आवाज होता, पण त्यातला सगळा गर काढून घेऊन नुसती साल आमच्याकडे फेकल्यासारखा. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. ताईनं माईक स्टँडला लावला आणि ओढणी सारखी केली. तिला रडू आलं की ती आधी कपडे सारखे करते.

"गळाच गेलाय," ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं." आणि ती पायऱ्या उतरायला लागली.

"अगं थांब!" भावोजी ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तू गात राहा. नुसतं गुणगुण."

ती कशीबशी गुणगुणायला लागली आणि भावोजी मैदानात डावीकडून उजवीकडे हळूहळू चालत गेले. डाव्या खोक्यासमोर थांबले, मान हलवली. मध्यावर थांबले. उजव्या खोक्यासमोर थांबले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "गळा नाही. खोकी आहेत. एकेकासमोर आवाज स्वच्छ, मध्यावरच गायब."

"नाचता येईना अंगण वाकडं," काका पुटपुटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता, कारण भावोजींनी टॉर्चमधला सेल काढला होता. डाव्या खोक्याच्या वायरी काढून त्यांनी त्या सेलला टेकवल्या. स्पीकरचा कागदी कोन टप्‌कन बाहेर आला. मग उजव्या खोक्याच्या वायरी तशाच टेकवल्या. कोन टप्‌कन आत गेला.

"एक ढकलतंय, दुसरं ओढतंय," ते मला हळूच म्हणाले. "मध्यावर एकमेकांना खाऊन टाकतात." अंगण खरोखरच वाकडं होतं.

त्यांनी उजव्या खोक्याची, म्हणजे ताईनं वायर जोडलेल्या खोक्याची, मागची फळी उघडली. मी आत डोकावलो आणि चरकलो. बाबांची पद्धत! लाल पट्टीची वायर नेहमी प्लसला. भावोजींच्या घरात लाल पट्टी मायनसला. ताईनं हात चालवला तो माहेरच्या सवयीनं. हे तिला आत्ता कळलं, तर ती आज काय, आयुष्यात पुन्हा माईकसमोर उभी राहणार नव्हती. भावोजींनी माझ्याकडे पाहून मान अगदी थोडी हलवली. मग तिचं खोकं होतं तसं बंद केलं, सगळे स्क्रू पुन्हा पिळले. स्वतःचं खोकं उघडलं आणि त्यातल्या दोन वायरींची अदलाबदल केली.

"माझंच उलटं लागलं होतं गं!" त्यांनी स्टेजकडे ओरडून सांगितलं.

सेल पुन्हा लावला. दोन्ही कोन आत गेले.

"आत कसे?" मी कुजबुजलो. "बाहेर यायला हवेत ना?"

"आत जावोत की बाहेर," ते म्हणाले. "बरोबर गेले म्हणजे झालं."

मी अनेक हुशार माणसं पाहिली आहेत. पण चूक कुणाची हे समोर दिसत असताना स्वतःचं उलटं करून घेणारा हा एकच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मेहुण्यानं असलं काही करायचं नसतं म्हणून मी स्क्रू गोळा केले.

संध्याकाळी मैदान भरलं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेच्याही मागे, फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. ताई माईकसमोर आली. आणि गाण्याच्या आधी मला ऐकू आला तिचा श्वास. एवढ्या लांब, एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून, तिनं आत घेतलेला श्वास. मग सूर लागला. तो मोठा नव्हता. तो माझ्या कानाशी होता. फाटकाला टेकलेला रिक्षावाला सरळ उभा राहिला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मला ते पुसायचंही सुचलं नाही.

"कोण हो या बाई?" शेजारच्या एका आजींनी विचारलं.

"माझी बहीण आहे!" मी म्हणालो. "सख्खी बहीण! ऑपरेशन झालंय तिच्या गळ्याचं, आणि ही खोकी ना, माझ्या भावोजींनी..."

"मग गप्प बसा ना जरा," आजी म्हणाल्या. "ऐकू द्या तिचं गाणं."