चिंधी बांधलेलं वांगं

दर वर्षी पाऊस तोंडावर आला की कोल्हारचे गफूरभाई शिंपी आमच्या नगरच्या घरी यायचे, वांग्याच्या बियांचं पुडकं माझ्या हातात द्यायचे आणि मी ते कुठं ठेवतो हे नीट बघूनच चहाला बसायचे. यंदा त्यांचा मुलगा रशीद आला. पुडकं तेच, चौकड्याच्या कापडाचं... पण म्हातारा स्वतः का आला नाही? बी जुनं दिसतंय, म्हणून तोंड लपवलं असणार, असं माझ्या मनात आलं. मी पुडकं हुंगूनसुद्धा पाहिलं. रशीद खाली बघत म्हणाला, "मास्तर, अब्बा गेले. मागच्या जुम्म्याला."

त्याला आता महिना होत आला. त्या हुंगण्याची लाज वाटते खरी, पण गफूरभाईंना कळलं असतं तर ते खूश झाले असते. आमची दोस्ती संशयातूनच उगवलेली.

लढाईच्या दिवसांत मी कोल्हारच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो आणि गफूरभाईंच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली. शिंपी कापड मारतो म्हणून गाव त्यांच्यावर संशय घ्यायचं, आणि गाव शिलाई बुडवणार म्हणून ते गावावर. घरामागं त्यांच्या अम्माचा भाजीचा तुकडा होता. अम्मा वारल्यावर तिथं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. गुडघाभर हराळी, कडेनं घाणेरीचं रान. बाजारात भाजीला हात लावायची सोय नव्हती. मी म्हटलं, "मी साफ करतो, अर्धी भाजी माझी." गफूरभाईंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "मास्तर, खुरपं कंच्या बाजूनं धरत्यात, म्हाईत हाय का?"

माहीत नव्हतं. पण हे कबूल केलं तर मास्तर कसला! पहिल्याच सकाळी मी गवताचा एक माजलेला बुंधा मुळासकट उपटून बांधावर विजयी मुद्रेनं ठेवला. गफूरभाई धावत आले. "आरं, त्यो अम्माचा गवती चहा व्हता!" त्या दिवसापासून त्यांचं शिवणयंत्र मागच्या दाराकडे तोंड करून बसलं. दारात मशीनचा आवाज मध्येच थांबला, की इकडे माझं खुरपं थांबायचं.

त्या रानात वांग्याचं एक जुनं झाड सापडलं. काटेरी, खोड लाकडासारखं झालेलं, बुडातून एकच हिरवा फुटवा. अम्माची वांगी गावभर नावाजलेली. ती टोपलीभर वांगी वाटायची, बी मात्र कुणाला द्यायची नाही. तिच्या माघारी बियांचं मडकं उंदरांनी रिकामं केलं होतं. म्हणजे अम्माच्या वांग्याचा वंश त्या एका फुटव्यावर आला होता. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा गफूरभाई अवाक्षर बोलले नाहीत. मास्तराच्या कानात गेलेली गोष्ट पोरांच्या तोंडून गावभर होणार, ही त्यांची खात्री. मला एवढंच सांगितलं, "ह्याला खुरपं लावायचं न्हाई." आता अशानं कुणाला संशय येणार नाही?

दिवाळीपर्यंत वाफे धरले, पाटाचं पाणी फिरलं, मेथी-मुळा घरात येऊ लागला आणि त्या झाडालाही वांगी धरली. एका सकाळी बघतो तर सगळ्यात मोठ्या वांग्याच्या देठाला चौकड्याची चिंधी! मी ओळखलं. चांगला माल आधीच राखून ठेवायचा, अर्धा वाटा उरलेल्यातून. मीही घरात जाऊन जुन्या धोतराचा काठ फाडला आणि त्याच्या खालोखाल असलेल्या तीन वांग्यांना बांधून टाकला. गफूरभाईंनी ते पाहिलं. 

मग सुरू झाली राखण. त्यांनी आधी तोडावं, म्हणजे मला रंगेहाथ पकडता येईल, असा माझा बेत. मी वह्या तपासायला बांधावर बसू लागलो. गळ्यात मापाची पट्टी अडकवून तेही "पानी बगायला" वरचेवर येऊ लागले. वांगी फुगली, चमक गेली, पिवळी पडायला लागली. आमच्या बायकोचा टोमणा आला, "भाजी करायची आहे, की त्यांचं लग्न लावायचंय?"

एके दिवशी सकाळीच घरामागून हाक आली. गफूरभाई बांधावर बसले होते. चिंधीचं वांगं त्यांच्या हातात उकललेलं, आत सगळी अळीची घाण. "अम्माचं बी गेलं, मास्तर..." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चिंधी बियासाठी असते, चिंधीच्या फळाला कुणी हात लावत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी नुसता झाडाकडे बोट दाखवून उभा. माझी तिन्ही वांगी पिवळीधमक, निरोगी.

"तुमी ही बियाला राखल्याली न्हवं?"

"छे! तुम्ही चांगली वांगी लाटताय असं वाटलं, म्हणून मी अडवून धरली."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अन मला वाटलं, मास्तर अम्माचं बी चोरतुया. आज दुपारी कापून फेकनार व्हतो ती तिन्ही!" मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले... हसण्यानंच की कशानं, ते मी विचारलं नाही.

बी धुऊन, राखेत घोळून वाळवलं. अर्धं त्यांनी मला दिलं, "कुनाला दिऊ नगा" म्हणून बजावून. माझी बदली झाली, तरी पुडकं येत राहिलं. टपालानं का पाठवत नाही, असं मी एकदा विचारलं. "अन त्या टपालवाल्यानं पेरलं म्हंजी?" म्हणाले. अलीकडे हात थरथरायचा, पुडक्याच्या तोंडाचे टाके वाकडे पडायचे. रशीदनं आणलेल्या पुडक्यावरचे टाकेही वाकडेच होते.

परसातलं गेल्या वर्षीचं एक झाड मी उपटलं नव्हतं. त्याच्या सगळ्यात मोठ्या वांग्याला या पुडक्याची चिंधी बांधली आहे. शेजारी नव्यानं राहायला आलेले गृहस्थ कुंपणावरून सारखे तिकडे बघतात. काल न राहवून त्यांनी विचारलं, "हे कुणासाठी राखून ठेवलंय?"

"गफूरभाईंसाठी," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही... बरं आहे. झाडाला राखण लागतेच.