गिलाव्याचे ठसे

मामा गवंडी, आणि त्याचा कुत्रा त्याच्याहून मोठा गवंडी. अंगाला कायम सिमेंट फासलेलं, म्हणून नाव पडलं गिलाव्या. कुठेही ओली जमीन केली की हा पठ्ठ्या तिच्यावरून ऐटीत चालत जायचा. घरमालक बोंब मारायचे. मामा मात्र पंजाचा ठसा कधी बुजवायचा नाही. "असू द्या, साहेबांनी काम पास केलंय," म्हणायचा.

गिलाव्या गेला, त्यानंतरच्या रविवारी सगळे माझ्याकडे जमले. हे नवं घरही मामानेच बांधलेलं. किस्से निघाले. त्याने मामाचा ओळंबा पळवून वाळूत पुरला होता, तो आठवून मामी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"तुझ्याकडे कुठे उमटलाय गं त्याचा पंजा?" तिने मला विचारलं.

"इथे कुठला! उंबऱ्यापर्यंत यायचा आणि गुरगुरत मागे सरायचा. बिस्किटं दाखवून झाली. शेवटी मामाने उचलून आत ठेवला, तर त्याच्याच हाताला चावून पळाला. लाडावून ठेवलेला मेला!"

पुन्हा हशा पिकला. त्या दिवशी मामाही पोट धरून हसला होता. आज तो हसला नाही. हातावरचा जुना व्रण चोळत उठला, कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला आणि बोटाच्या पेरांनी फरशी वाजवू लागला. मधोमध येईपर्यंत आवाज पोकळ होत गेला.

मामा तसाच, अजिबात न हलता, हळू आवाजात म्हणाला, "पोरांना उचल आणि बाहेर हो. चपला शोधत बसू नका."