पूड नव्हे, पुडी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. केशवापूरला राहते, हुबळीतल्या एका फॉरेन्सिक लॅबमध्ये केमिस्ट आहे, अमली पदार्थ ओळखणं हे माझं काम. मशीनला दिसत नाही ते मी मानत नाही... म्हणूनच हे लिहायचं इतके दिवस टाळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका तरुणाकडे कागदात बांधलेली भुरकट पावडर सापडली. कागद दाजीबानपेठेतल्या शांताक्कांच्या दुकानातला. त्या पूजेचं सामान विकतात. पोलिसांनी बोलावून विचारलं, तर म्हणाल्या, "पुडी माझीच आहे." झालं! कबुली लिहून घेतली आणि साठी उलटलेली बाई थेट जेलात.

पावडरीबद्दल शंका नव्हती. रिएजंटचा थेंब टाकताच जांभळा रंग आला, मग जीसी-एमएस मशीननंही हेरॉइनच सांगितलं. भर दुपारी मी रिपोर्ट टाइप करत होते, दाराला आतून कडी. मागून आवाज आला, "बाई, पुडी तपासा की."

दारापाशी एक म्हातारे गृहस्थ, कपाळाला गंध. मी खेकसलेच, "आजोबा, आत कसे आलात? तपासली पुडी!"

"पूड तपासलासा. मी पुडी म्हणालोय. मराठीच न्हवं तुम्ही?"

मी उठेपर्यंत तिथं कुणी नव्हतं. कडी लागलेलीच, ओढून पाहिली. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. कन्नडमध्ये पुडी म्हणजे पावडर, आपल्या मराठीत पुडी म्हणजे कागदाची! शांताक्का कागद ओळखत होत्या, कबुली लिहिणाऱ्या कन्नड पोलिसानं पावडर त्यांच्या नावावर लिहिली. आणि दिवसभर कन्नड बोलून मीसुद्धा आपलाच शब्द विसरले होते. लाज वाटली.

रिकामा कागद आम्ही एरवी नुसता सील करून परत पाठवतो. त्या दिवशी त्याचा तुकडा सॉल्व्हंटमध्ये धुऊन मशीनला लावला. हेरॉइनबरोबर कापूर निघाला. बाईंनी कापराची पुडी विकली होती, तोच कागद पुढे कुणीतरी वापरला असणार. रिपोर्टात तसं लिहिलं, शब्दाची टीपही जोडली.

शांताक्का सुटल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात माझा हात धरून रडल्या, मग मध्येच हसल्या. "आमचे मालक असते तर तिथल्या तिथं भांडले असते बघा. पुडीला कुणी पूड समजलं की गिऱ्हाइकालाबी सोडत नव्हते. जाऊन नऊ वर्षं झाली."

तुम्ही म्हणाल, उन्हाचा ताण, डुलकी लागली असेल. असेलही. पण साक्षीच्या वेळी सरकारी वकिलांनी विचारलं होतं, "मॅडम, पोलिसांच्या पत्रात मागणी नसताना कागद तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

शपथेवर मी आजवर खोटं बोललेली नाही. त्या दिवशी बोलले का, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही.