आईंचं नाक आणि माझा काढा

ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं आणि वर्षभरात माझ्यात दोन बदल झाले. एक म्हणजे, कमरेच्या वर मी कायम ऑफिसात आणि कमरेच्या खाली कायम गाउनमध्ये असायची. दुसरा म्हणजे, मी घराची आरोग्यमंत्री झाले. हे खातं मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं.

आमचं घर काशीदच्या पुढे, कोळीवाड्याच्या टोकाला. माणसं तीनच. नवरा बोटीवर, त्यामुळे तो घरात कमी आणि पाण्यात जास्त. सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, सुकी मासळी विकतात. आणि मी म्हसळ्याची, लॅपटॉपवर लोकांच्या विम्याचे दावे तपासणारी. दिवसभर दुसऱ्यांची आजारपणं वाचायची म्हटल्यावर माणूस आपल्या तब्येतीला घाबरणारच. त्यात घरी बसून खाणं वाढलेलं. कॅमेरा बंद केला की माझा हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जायचा. कुणी माझं नाव घेऊन प्रश्न विचारला की आधी शेव गिळायची आणि मग मत द्यायचं, अशी माझी पद्धत होती. सर्दी तर पाचवीला पुजलेली.

शेवटी एक दिवस ठरवलं की बस्स झालं, आता आहारातूनच प्रतिकारशक्ती वाढवायची. फोनवर व्हिडिओंना तोटा नव्हता. सकाळी उठल्या उठल्या लिंबूपाणी, मग भिजवलेले बदाम, पहिली मीटिंग संपली की तुळस-आलं-मिरीचा काढा, जेवणात शेवग्याच्या पाल्याची भाजी, दुपारी आवळा आणि झोपताना हळदीचं दूध. हे सगळं मी घेणार आणि घरातल्यांनाही पाजणार. नवरा म्हणाला, "यापेक्षा बोटीवरचं वादळ परवडलं." तो घरी असला की काढ्याचा पेला घेऊन निमूटपणे मागच्या पडवीत जायचा आणि रिकामा करून आणायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. पुढे कळलं की पेला जास्वंदीच्या बुडाशी रिकामा व्हायचा. प्रतिकारशक्तीचं माहीत नाही, पण त्या वर्षी जास्वंद भरगच्च फुलली.

आईंची गोष्ट वेगळी. त्या पेला तोंडाला लावायच्याही नाहीत, नाकाला लावायच्या. "मिरी जास्त, आलं जुनं," म्हणून खाली ठेवायच्या. त्यांचं नाक म्हणजे घरातलं सगळ्यांत मोठं यंत्र होतं. ओट्यावर फोडणी टाकली की ओसरीतून आवाज यायचा, "लसूण करपला गो!" बाहेर जाळी विणणाऱ्या बायकांनाही मग कळायचं की आज सुनेने लसूण करपवला. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही पदार्थाला त्यांनी बरं म्हटलेलं नव्हतं. फार तर "खावंल", म्हणजे घशाखाली उतरेल, एवढंच म्हणायच्या.

पण त्याच नाकावर त्यांचा धंदा उभा होता. आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, आतल्या गावांतली माणसं चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवायला बाजारात येतात. बोंबील, जवळा, सोडे. एकदा माल घरी नेला की पावसात तो खवट निघून चालत नाही, वर्षभराच्या शिव्या खाव्या लागतात. आईंची रीत अशी, की गिऱ्हाईकाच्या पिशवीत माल टाकण्याआधी त्यातली मूठभर मासळी स्वतःच्या नाकाशी धरायची. मान हलली तर पिशवीत, नाही तर बाजूला. दुसऱ्या बायका "ताजा हाय, चांगला हाय" म्हणून घसा कोरडा करायच्या, आई काही बोलायच्याच नाहीत. लोक त्यांच्या मानेकडे बघायला उभे राहायचे.

कोरोनाची साथ संपली असं सगळे म्हणू लागले तेव्हा ती आमच्या घरात आली. मला आणि नवऱ्याला दोन दिवस कणकण, पण आईंना चांगलाच ताप भरला. त्या उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, आणि एक चमत्कार झाला. त्यांनी काढा प्यायला. अख्खा पेला! वर म्हणाल्या, "बेस झालाय." शेवग्याची भाजी खाल्ली, हळदीचं दूध घेतलं, "तुज्या हाताला चव आली गो."

मी तर हवेतच गेले. नवऱ्याला फोन करून सांगितलं. ऑफिसातल्या एका बाईला काढ्याचं प्रमाण लिहून पाठवलं. आजारातून उठलेल्या माणसाला माझाच आहार तारतोय अशी माझी खात्री पटली होती.

दुसरा चमत्कार म्हणजे आई मला धंदा शिकवायला लागल्या. इतकी वर्षं मासळीच्या टोपल्यांजवळ गेले की "तुला काय समजतंय" म्हणणाऱ्या आई आता दुपारी दोन मीटिंगांच्या मधे मला मागच्या दारी बोलवायच्या. तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे. एक काढून माझ्या नाकाशी धरायच्या. "सांग, कसा हाय?"

"चांगला वाटतोय."

"वाटतोय न्हाय. नीट सांग. ओल हाय का?"

मी पुन्हा वास घ्यायची. "हा थोडा ओलसर."

"व्हय," म्हणून त्या तो बाजूला ठेवायच्या. एवढी हुशार विद्यार्थिनी त्यांना मिळाली होती की माझं एकही उत्तर चुकत नव्हतं. कानात हेडफोन, नाकाशी बोंबील, असा माझा तो काळ मोठा दिमाखात गेला.

मग ती सोलकढी झाली. आमच्याकडे कोकमाच्या दोन बाटल्या असतात. एकीत मीठ घातलेलं आगळ, सोलकढीसाठी, आणि दुसरीत साखर घातलेलं, सरबतासाठी. रंग एकच. माझी मीटिंग लांबली होती, घाईत हाताला लागली ती बाटली नारळाच्या दुधात ओतली, वर लसूण, मिरची, कोथिंबीर. आईंनी वाटीभर प्यायली, आणखी मागितली. "झ्याक झाली गो आज."

मग मी प्यायले. लसणाचं गोड सरबत कसं लागतं ते मी सांगत बसत नाही, पण मी धावत मोरीत गेले. तोंड पुसून परत आले तेव्हा आई दुसरी वाटी शांतपणे संपवत होत्या. मी दारातच उभी राहिले. काढा, भाजी, दूध, तुज्या हाताला चव आली, सांग कसा हाय. सगळं एकदम लख्ख दिसलं. माझ्या हाताला काहीही आलेलं नव्हतं. त्यांचीच चव गेली होती आणि नाकही गेलं होतं, आणि इतके दिवस त्या माझं नाक वापरत होत्या.

आधी मला हसू आलं. मग रागही आला, कारण माझ्या काढ्याचं एवढं कौतुक फुकटच गेलं होतं. आणि मग त्यांच्याकडे बघितलं तेव्हा बाजार आठवला. आगोट महिन्यावर आली होती. ज्या बाईच्या मान हलवण्यावर लोक चार महिन्यांचा माल भरतात, तिला वास येत नाही हे बाजारात कळलं तर तिच्यापाशी थांबणार कोण? त्या भीतीने ही बाई दोन वाट्या विष प्यायली असती तरी हूं की चूं करणार नव्हती.

मी उरलेली सोलकढी मोरीत ओतली. डॉक्टरांना मी गुपचूप फोन केला, ते म्हणाले, हळूहळू येईल, कधी ते सांगता येत नाही, घरातलं साधं सकस खाऊ द्या. म्हणजे शेवगा, अंडी, ताजी मासळी, जे चाललंच होतं ते. मग आमचा खेळ चालू राहिला. त्या मला शिकवायच्या, मी शिकायची. एकेक बोंबील, एकेक मूठ सोडे मी हुंगून काढले. आमचा महिनाभराचा माल माझ्या नाकाखालून गेला. फक्त जवळ्याचं एक पोतं तेवढं राहिलं, ते बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आलं, म्हणून हुंगायचं सकाळवर ठेवलं.

आणि बाजाराच्या दिवशी सकाळी मी उठले ती शिंकत. लिंबू, आवळा, बदाम, तुळस, हळद, सगळं पोटात असूनही नाक असं चोंदलं की श्वास तोंडाने घ्यावा लागत होता. घरीच तपासणी केली, साधी सर्दी निघाली. माझ्या प्रतिकारशक्तीने नेमका हाच दिवस सुट्टीला निवडला होता. जवळ्याच्या पोत्यात डोकं खुपसून बघितलं. काही नाही. नुसता भुसा.

मास्क लावून, सुट्टी टाकून मी आईंबरोबर टेम्पोत बसले. वाटेत मी तिसऱ्यांदा शिंकले तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"तुजं पन गेलं?" त्यांनी विचारलं.

"सर्दी आहे आई. पण आज मला काहीच वास येत नाहीये."

एवढंच बोलणं झालं. त्यांना कळलं की मला सगळं माहीत आहे, आणि त्यांना ते कळलंय हे मलाही कळलं. आईंनी माझा हात धरला आणि बाजार येईपर्यंत सोडला नाही. त्या बाईला घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

टोपल्या मांडल्या. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे रोह्याकडची म्हातारी, आईंच्या वयाची, दर आगोटीला येणारी. तिने आल्या आल्या जवळ्याकडेच बोट दाखवलं. आईंनी मूठ भरली. हात नाकापर्यंत गेला. मी श्वास रोखला, तसाही तो येत नव्हताच. त्यांनी मान हलवली असती तर कुणाला काय कळणार होतं?

हात तिथेच थांबला. मग खाली आला.

"मना वास येत न्हाय," आई म्हणाल्या. "ताप आलेला, तवापासून. हे बोंबील न् सोडे हिनं बघलेत, ते चांगले हायत. ह्यो जवळा कुणी बघला न्हाय. तूच बघ."

आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी माना वळवल्या. म्हातारीने आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली बसली. पदर सावरून तिने जवळा हुंगला. वरचा हुंगला, हात घालून तळाचा काढून हुंगला. "वरचा झ्याक हाय," ती म्हणाली. "तळाला ओल धरलीय. तो मना नको." आईंनी तिथल्या तिथे तळाचा सगळा जवळा उपसून वेगळा केला आणि कापड टाकून झाकून ठेवला. दिवसभर त्याला हात लावला नाही.

म्हातारीने वरच्या जवळ्याची मूठ भरली. मला वाटलं पिशवीत टाकेल. तिने ती आईंच्या नाकाशी धरली.

"घे."

"अगं मना येत न्हाय म्हनलं ना."

"नसू दे. तू घेतल्याबिगर मी कदी पिशवीत टाकलाय?"

आईंनी डोळे मिटले आणि वास घेतला. काही येत नसणार, मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं आणि माझं तर मास्कच्या आत डोळ्यांचं आणि नाकाचं सगळं एक झालं.

मूठ पिशवीत पडली. म्हातारीने पिशवीचं तोंड आवळलं, कनवटीला हात घातला आणि थांबली.

"पन आता नाक न्हाय, तर भाव जरा कमी कर की."

आई ताडकन सरळ झाल्या. "नाक गेलंय माजं! अक्कल न्हाय गेली!"

तो आवाज बाजाराच्या पार त्या टोकापर्यंत गेला. ताप आल्यापासून आईंचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता. मी घाईघाईने पुढची टोपली उघडली, कारण पाठीमागे माणसं उभी राहायला लागली होती.