दोन काचांचं एक हँडल

परवा वारज्याहून एक तरुण घरी आला होता. सॉफ्टवेअरमधली नोकरी सांभाळून त्याला सोसायट्यांमध्ये भाजी पोचवायचा उद्योग काढायचाय. त्यासाठी जुनी पिकअप पाहिजे. बसल्या बसल्या त्याने मोबाइलवर तक्ता काढला आणि म्हणाला, "काका, या गाडीची रिलायबिलिटी कुठल्या इयरची बेस्ट? आठची, चौदाची की वीसची? लोणीत ज्याला विचारावं तो म्हणतो, तुम्हालाच विचारावं."

मी म्हटलं, "चहा घे. मला यातलं काही कळत नाही."

त्याला वाटलं म्हातारा भाव खातोय. अहो, कसला भाव! लोणी काळभोरात या गाडीवर माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. आठची दणकट, चौदाची आरामाची, वीसची नुसती वायरींची मोळी, असं मी पारावर बसून तावातावाने सांगत आलोय. पण त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि ते खोटं मी एकाच माणसाच्या कानावर जावं म्हणून बोलत होतो. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ.

आमच्याकडे गाड्यांना सालावरून हाक मारतात. आमची पहिली पिकअप आठचं मॉडेल, म्हणून ती आठवाली. मी आणि धाकट्याने मिळून घेतली. पहाटे मेथी, कोथिंबीर, पालक भरायचा आणि मंडईतल्या ठरलेल्या गाळ्यांवर टाकून उजाडता उजाडता परत फिरायचं. स्टिअरिंगवर मी, डावीकडे तो. स्टिअरिंग असं जड की हडपसरला वळण घेताना खांदे भरून यायचे. दुसरा गिअर क्लच दोनदा दाबल्याशिवाय पडायचा नाही. आणि डाव्या दाराचं काच वरखाली करायचं हँडल पहिल्याच वर्षी तुटून पडलं.

येताना नवीन आणू, असं आम्ही रोज म्हणायचो आणि रोज विसरायचो. मग उजव्या दाराचं हँडलच आम्ही दोघांत वापरायला लागलो. ओढलं की ते हातात यायचं. पुढे कचऱ्याची गाडी आली की मी माझी काच वर करायचो आणि हँडल उपसून त्याच्या हातात द्यायचो. ती गाडी मागे पडली की तो स्वतःची काच खाली घेऊन मला परत द्यायचा. मी विसरलो तर बाहेर बघत हात पुढे करायचा. "दादा, हँडल." दिवसातून किती वेळा ते कोण मोजतंय. आम्हा दोघांत गाडीत तेवढंच बोलणं व्हायचं, आणि ते पुरायचं.

मग आई गेली. वर्षश्राद्ध झालं आणि वाटणीचा विषय निघाला. आमच्याकडे रीत आहे, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मी मात्र डोकं चालवलं. एका वाट्यात कॅनॉलकडची काळी जमीन ठेवली. दुसऱ्यात मुरमाड माळ आणि आठवाली. माझा हिशेब साधा होता. काळी जमीन सोडून माळ उचलेल असा वेडा कोण? तो काळी जमीन घेणार, आणि माळाबरोबर गाडी आपसूक माझ्याकडे राहणार. मला माळ चालला असता. मला ते स्टिअरिंग पाहिजे होतं. आणि थोरल्याने चांगलं ते लाटलं, असं म्हणायला कुणाला जागाही राहिली नसती.

पंच बसले होते. धाकट्याने मान वर केली नाही. म्हणाला, "माळ आणि गाडी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पंच म्हणाले, वा, धाकट्याने मोठं मन दाखवलं. मला ते मन-बिन काही दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की याला गाडीवरचा माझा जीव माहीत होता आणि याने नेमकी तीच उचलली. मी चावी सतरंजीवर ठेवली आणि उठलो. संध्याकाळी अंघोळीला सदरा काढला तर खिशात हँडल. सकाळी मंडईतून येताना माझ्याकडेच राहिलं होतं. म्हटलं, मागेल तेव्हा देईन. त्याने मागितलं नाही, आणि बिऱ्हाड घेऊन तो माळावर राहायला गेला. त्या दिवशी मी बोललो नाही, दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही, आणि पुढे दोघांच्याही अंगवळणी पडलं.

पुढे मी त्याच कंपनीची चौदाची घेतली. रंगसुद्धा तोच, पांढरा. तिला पॉवर स्टिअरिंग, दोन्ही दारांना हँडलं, सगळं जिथल्या तिथे. ते जुनं हँडल मात्र मी तिच्या कप्प्यात ठेवून दिलं. पोरं विचारायची, हे कशाचं? मी म्हणायचो, राहू दे तिथंच.

अबोला होता, पण दोघांचा मिस्त्री एकच होता. सोलापूर रोडवर त्याचं गॅरेज. भावाची चौकशी करण्यात माझं नाक खाली झालं असतं, पण गाडीची चौकशी करायला काय जातं? ऑइल बदलायला गेलो की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "आठवाली काय म्हणते?" मिस्त्री सांगायचा, "मस्त हाय. कालच आली हुती. खोकला झालाय जरा." गाडीला खोकला होत नसतो हे मलाही कळायचं. मग मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, गवती चहा फार वाढलाय, माळावर पाठवून दे थोडा.

आणि निघताना मिस्त्रीला बजावून सांगायचो, "आमची चौदावाली एकदाही बंद पडली नाही बरं का." ते त्याने तिकडे पोचवावं म्हणून. त्याला वाटू नये की गाडी गेली आणि दादा खचला. खरं सांगायचं तर चौदावालीने माझा जीव खाल्ला होता. तिच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा होता, तो लागला की कुणाच्या बापाला कळायचं नाही काय झालंय ते. एकदा हडपसरच्या पुलावर पालक भरलेली अशी बंद पडली की मागच्या लोकांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी मी ती आमच्या मिस्त्रीकडे नेली नाही. बातमी माळावर जाईल ना! ओढत ओढत मांजरी गावाला दुसऱ्या फिटरकडे नेली.

तिकडून निरोप यायचा, "धाकटं मालक म्हणत्यात, आठवालीसारखी गाडी पुन्हा झाली न्हाई. सोन्यासारखी पळतीय." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. रोज पहाटे ती माळावरून उतरायची तेव्हा मी अंगणात उभा असायचो. ओढ्याच्या चढाला तो दुसरा गिअर टाकायचा आणि खर्रकन आवाज यायचा. मी अंधारात पुटपुटायचो, अरे गाढवा, दोनदा दाब क्लच, दोनदा. आवाज हडपसरच्या दिशेने विरला की घरात यायचो. मला त्याची आठवण यायची. सरळ सांगतो, रोज यायची. माझ्या गाडीत डावीकडे पोरगा बसायचा, मजूर बसायचा, पण त्या बाजूने हात कुणी पुढे करायचं नाही.

यंदा मिस्त्रीचा फोन आला. "मालक, आठवालीचं पासिंग काय होईना. उद्या भंगारात चाललीय, वारज्याच्या पुढं यार्ड हाय तिथं. धाकट्या मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना चालवायची न्हाई. मी टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून वढत नेणार हाय."

"टोचन?" मी ओरडलोच. "ती काय मेलीय का टोचन करायला? मी येतो."

सकाळी हँडल खिशात टाकून मी चालत माळावर गेलो. तो गाडीजवळ उभा होता, डोळ्यांवर काळा चष्मा, दाढी पांढरी झालेली. इतका बारीक झाला असेल असं वाटलं नव्हतं. भावजय दारात आली आणि पदर सावरून म्हणाली, "अगं बाई, दादा आलं." तो तिलाच म्हणाला, "चहा टाक." मग चहा झाला. मी हात पुढे केला, त्याने चावी दिली आणि डावीकडे जाऊन बसला.

दार ओढलं आणि मी बघतच राहिलो. माझ्या बाजूला हँडल नव्हतंच. नुसता लोखंडी खुंट, आणि काच अर्ध्यावर, खाली लाकडाची पाचर मारलेली. त्याच्या बाजूलाही तेच.

"पावसात काय करत होतास?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे.

"भिजत हुतो."

"नवीन बसवायचं की मग."

"हँडल हुतं की आपल्याला," तो समोर बघत म्हणाला. "तुझ्याकडं हुतं."

मला पुढे रस्ता दिसेना. क्लच एकदाच दाबला गेला आणि गिअर खर्रकन वाजला. "दोनदा," तो म्हणाला. "दोनदा दाबत्यात, दादा."

हडपसर आलं. मग त्यानेच विचारलं, "चौदावाली खरंच कधी बंद पडली न्हाई?"

"आठवड्याला पडते मेली."

"मिस्त्री तर म्हणायचा..."

"त्याला मीच सांगायचो. दुरुस्तीला मांजरीला न्यायचो."

तो माझ्याकडे वळला. "मांजरीला? नाक्यावरच्या फिटरकडं? आयला! मीबी तिथंच न्यायचो. इंजिन दोनदा उतरवलं हिचं. तुला कळू नये म्हणून."

आम्ही असे हसलो की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं. हसता हसता मी बोलून गेलो, "मग उचललीस कशाला ही? मला पाहिजे होती म्हणूनच माळाच्या वाट्यात घातली होती. म्हटलं, तू काळी जमीन सोडणार नाहीस."

त्याचं हसू थांबलं. "तुझी तीन लेकरं, दादा. माळावर त्यास्नी काय कुसळं चारणार हुतास? म्हणून मी माळ उचलला. गाडी काय, तू दुसरी घेशील वाटलं."

माझ्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायला स्टिअरिंगवरचा हात सोडवेना. हा माळावर कुसळं खुडत राहिला आणि मी त्याच्यावर रुसून काळ्या जमिनीत पिकं काढत राहिलो. तेवढ्यात पुढे कचऱ्याची गाडी आली. वास आत शिरला. त्याने पाचर काढली आणि बाहेर बघत हात पुढे केला.

"दादा, हँडल."

मी खिशातून काढून दिलं. त्याने चाचपत खुंटावर बसवलं, काच वर केली आणि मला परत दिलं. मी माझी पाचर काढली, माझी काच वर केली. गाडी मागे पडल्यावर पुन्हा काढून त्याच्याकडे. त्याने सांगितलं, मंडईवरून घे. वाट वाकडी होत होती, तरी घेतली. गाळे उघडत होते. आम्ही उतरलो नाही, नुसते एक फेरी मारून पुढे गेलो.

यार्डात माणसाने कागद घेतले, चावी घेतली. धाकटा बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. मी तिकडे पाठ केली, मला बघवेना. परत बसने आलो. जागा मिळाली ती एकाच बाकावर, तो खिडकीशी. माळाच्या फाट्यावर तो उठला आणि म्हणाला, "येतो." एवढंच. चष्मा सावरत, पायाखालची वाट अंदाजाने बघत चालायला लागला.

बस हलल्यावर मी खिसा चाचपला. हँडल नव्हतं. यार्डाच्या फाटकात शिरताना धुरळा उडाला तेव्हा शेवटची काच त्यानेच वर केली होती.

वारज्याच्या त्या मुलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि तक्ता बंद केला. म्हणाला, "काका, ती गाडीच गेली. आता ते हँडल काय करायचं?"

मी पायात चपला सरकवल्या. "गाढवा, तुला काय कळणार. जातोय मागायला."