कळसूबाईच्या वाटेवर गप्प आत्या

माझी सुमनआत्या घोटीच्या बाजारात वांग्याचा भाव विचारते तेव्हा इगतपुरीच्या स्टेशनात गाडी दचकून थांबते. तुम्ही म्हणाल, हा फुगवून सांगतोय. मी तर घरातलीच बाई म्हणून जरा कमी करून सांगतोय. अशी ही आत्या, दसरा होऊन गेल्यावरच्या एका सकाळी, घोटीच्या घराचा उंबरा ओलांडून माझ्यासोबत कळसूबाईला निघाली आणि तोंडातून चकार शब्द काढेना.

त्याला कारण होतं. आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत येईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येईना. कित्येक महिने मामा पेल्यावर चमचा वाजवून आत्याला हाक मारायचे. तेव्हा आत्या कळसूबाईला नवस बोलली. यांचा आवाज दे. तुझी ओटी भरायला येईन तेव्हा माझ्या उंबऱ्यापासून तुझ्या पायापर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. आवाज आला. बारीक, फाटका, पण आला. आता नवस फेडायचा होता आणि वाटेत एक शब्द जरी निसटला तर मामांचा आवाज पुन्हा जाईल, अशी धास्ती आत्याच्या मनात घट्ट बसली होती.

सोबतीला मी, नाशिकहून पहिल्या एसटीनं आलेला. दोघांच्या वाट्याचं बोलायची जबाबदारी माझ्यावर पडली. ती मी आनंदानं उचलली.

भंडारदऱ्याच्या गाडीत शेजारच्या बाकावर एक भाजीवाली मावशी बसली होती. तिनं आत्याला ओळखलं.

“काय गं सुमन, आज लय गप? दात काढला का काय?”

मी सांगितलं, नवस आहे, ओटी भरेपर्यंत बोलायचं नाही. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. “तू? अन् बोलायचं नाय? आगं, त्यापरीस बोकड कबूल करायचा, सोपा पडला असता!”

अख्खी गाडी हसली. आत्याच्या गळ्यात उत्तर वाफेसारखं कोंडलेलं मला स्पष्ट दिसलं. समोरच्या खिडकीची काच तडकली ती त्यामुळेच, असं माझं आजही मत आहे.

बारी गावात उतरलो. समोर कळसूबाई, कमरेला ढग खोचून उभी. खाली भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) पिवळी पडत आलेली, बांधावर नागली (नाचणी) मुठी वळून उभी आणि उतारावर सोनकीच्या फुलांनी असा गोंधळ घातलेला की डोंगराला कुणी हळद लावून अंघोळ घालायला विसरलंय असं वाटावं. वाऱ्याला ओल्या गवताचा वास होता. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर ते हेच. मान वर करून बघताना माझी टोपी तीनदा पडली.

“आत्या, तू फक्त माझ्या मागं चाल,” मी म्हणालो. “या डोंगराला मी तळहातासारखा ओळखतो.”

खरं तर मी एकदाच आलो होतो आणि तेव्हा धुक्यात माझा तळहातही मला दिसला नव्हता. पण बोलण्याच्या भरात मी झपाझप निघालो. ओढा ओलांडल्यावर आत्यानं माझी पिशवी मागून ओढली. मी म्हटलं, दमलीस का? तिनं पुन्हा ओढली. मी म्हटलं, अगं, आत्ताच कशाला दमतेस? तिसऱ्यांदा तिनं ओढायच्या आत मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो.

बांधावरून आवाज आला, “ओ भाऊ, देवी काय माझ्या खाचरात बसली का?”

विळा हातात घेऊन एक शेतकरी उभा होता. त्यानं मला उपटून काढलं. एक चप्पल मात्र भूमीनं ठेवून घेतली. मागं वळून पाहिलं तर आत्या तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत, बिनआवाजाचं हसत होती. इतकं हसू आवाज न करता बाहेर कसं पडतं हे त्या दिवशी मला कळलं. ते खांद्यांतून पडतं.

खरी वाट त्या शेतकऱ्यानं दाखवली. अर्ध्या चढावर झापाच्या, म्हणजे गवती खोपटाच्या, सावलीत त्याचीच बायको काकड्या विकत बसली होती. आत्यानं खुणेनं काकडी मागितली.

“मुकी हाय का?” बाईनं मला विचारलं. मी नवसाची गोष्ट सांगितली, जरा मीठमसाला लावून.

“मंग तू तिच्याशी इतका बोलतो कशाला? तिला जड जात नसंल?” मला गप्प करून ती आत्याकडे वळली. “बाय, नीट जा. देवी व्हायच्या आदी कळसूनं एका घरी काम धरलं तव्हाच सांगितलं व्हतं, समदं करीन पण केर काढायचा नाय, भांडी घासायची नाय. एक दिस घरच्यांनी तेच सांगितलं. गेली निघून डोंगरावं. शब्द मोडला का तिला खपत नाय.”

आत्यानं ओटीचं गाठोडं छातीशी घट्ट धरलं. तिचं हसू पार गेलं होतं. मीही बराच वेळ काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असं पूर्वी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

वरच्या कातळाला लोखंडी शिड्या आहेत. शेवटच्या शिडीआधी एक विहीर लागते. तिथं पाणी प्यायलो. आत्याला शिडीसाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून गाठोडं मी घेतलं, पिशवीजवळ टेकवलं, पिशवी उचलली, आत्याला पुढं घातलं आणि तिच्या मागून चढू लागलो. गाठोडं तिथंच.

शिडीच्या मध्यावर आत्या थबकली. तिनं खाली पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. मला ते अजून दिसतं. आतमध्ये हाक तयार होती, ओठापर्यंत आली होती. आत्यानं दातांत पदर धरला आणि हातातल्या बांगड्या शिडीवर आपटायला लागली. टण, टण, टण! मला वाटलं, भूकंप. मी शिडीला मिठी मारून डोळे मिटले. आणखी जोरात टण टण. अखेर तिनं पायाच्या अंगठ्यानं माझ्या डोक्यावर टोचलं, तेव्हा मी खाली पाहिलं.

विहिरीच्या काठावर एक दांडगं वानर गाठोड्याची गाठ सोडून बसलं होतं. हिरवा खण त्याच्या खांद्यावर, नारळ मांडीवर.

मी उतरलो तो जवळजवळ पडतच. वानरापुढे आमची भाकरी-ठेच्याची शिदोरी ठेवली. त्यानं नारळ सोडला, खणही टाकला आणि भाकरी उचलली. ठेचा नागलीच्या भाकरीवर भरपूर थापलेला होता, आत्याच्या हातचा. पहिल्या घासालाच त्यानं अशी उडी मारली की रतनगडावर पोचलं असावं. मी पसरलेले तांदूळ वेचून गाठोडं बांधलं. वर आत्या शिडीला धरून उभी होती, पदर अजून दातांत.

माथ्यावर छोटंसं शेंदरी देऊळ आहे. आत्या वाकून आत गेली. तिनं ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं आणि पायावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली. मी बाहेर वाऱ्यात उभा. एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. मी कानांवर हात ठेवून तयार झालो.

आत्या बाहेर आली. बोलली नाही. माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. नुकताच घेतलेला मोबाइल. शिखरावर रेंज होती. घरचा नंबर लावून दिला.

“हॅलो,” मामांचा फाटका आवाज आला. “कोण?”

आत्याचे डोळे भरून आले.

“अगं, तूच ना? पोचलीस? बोल की आता!”

“बोला,” आत्या म्हणाली. “तुम्हीच बोला.”

आणि लग्नापासून ज्यांना कधी पाळी मिळाली नव्हती ते मामा बोलू लागले. मांजरीनं दूध पाडलं. शेजारचा येऊन गेला. कुकरची शिट्टी होत नाही. बोलत राहिले आणि आत्या नुसतं “हं, हं” करत राहिली, बॅटरी संपेपर्यंत.

उतरताना मात्र बांध फुटला. सकाळपासूनच्या माझ्या चुका तिनं ओळीनं मांडल्या, चिखलापासून वानरापर्यंत. बारी येईतो मी पुरता नागवा झालो होतो.

घोटीच्या स्टँडवर मामा घ्यायला आले होते. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण शेजारच्या गाडीचा हॉर्न चालू होता. आत्या गर्रकन वळली.

“ए बाबा! बंद कर तो भोंगा! आमचे हे बोलतायत!”

स्टँड गप्प झालं. रिक्षा गप्प झाल्या. इगतपुरीची गाडीही थांबली असणार. त्या शांततेत मामा म्हणाले, “खिचडी केलीय.”

लोक मला विचारतात, कळसूबाईवरून काय काय दिसतं? मी समुद्र सांगतो, मुंबईचे दिवे सांगतो, फारच आग्रह झाला तर दिल्लीसुद्धा सांगतो. खिचडीचं सांगत नाही. ती इतकी खारट होती की वानरानंही परत केली असती. मी तोंड उघडलं तोच पाठीत धपाटा बसला. आत्यानं ती दोनदा वाढून घेतली आणि मिठाबद्दल एक अक्षर बोलली नाही.